इंजिनात नसलेली शिट्टी

वणीत चांद्याच्या रस्त्याला आमचं गॅरेज होतं, तेव्हा माझ्या उजव्या कानाला गावात मान होता. मला नव्हता, कानाला होता. माणूस म्हणून मी तापट, उतावळा आणि जरा फुशारकी मारणारा आहे, हे माझी बायको कोणी न विचारता आजही सांगते. पण चालू इंजिनावर लांब पेचकसाचं टोक टेकवायचं, त्याची लाकडी मूठ कानाशी धरायची आणि डोळे मिटायचे, एवढं मी केलं की भोवतीचे ड्रायव्हर विडी विझवून गप्प उभे राहत. पेचकसातून इंजिनाच्या पोटातला आवाज सरळ कानात येतो. कुठलं बेअरिंग रडतंय, कुठला टॅपेट ढिला झालाय, हे मी काही न उघडता सांगायचो आणि दहातल्या नऊ वेळा ते खरं निघायचं. दहाव्या वेळेबद्दल मी बोलत नसे.

तेव्हा मुंबई राज्य संपून महाराष्ट्र झाला होता की व्हायचा होता, ते आता नेमकं सांगता येत नाही. पेट्रोलच्या जुन्या गाड्या जाऊन डिझेलच्या येत होत्या, एवढं पक्कं आठवतं, कारण डिझेलचा आवाज मला नव्याने शिकावा लागला होता.

गॅरेज माझ्या उस्तादांचं. आमचं नातं काही नव्हतं. मी त्यांच्याकडे काम शिकलो आणि तिथेच राहिलो. उस्तादांचे हात सोन्याचे होते, पण कान गेले होते. त्यांना काही सांगायचं तर तोंड त्यांच्या डाव्या कानाशी नेऊन ओरडावं लागे. त्यामुळे गाडीवाले त्यांना आदराने सलाम करत आणि बोलणं माझ्याशी करत. नवा कोणी आला की उस्ताद माझ्या पाठीवर थाप मारून सांगत, "हा माहा कान हाय." मी वरून लाजल्यासारखं करायचो आणि आतून फुगायचो. बाकी त्यात एक ओझंही होतं. मी एक दिवस आलो नाही तर उस्ताद नुसते उघड्या बॉनेटकडे बघत बसून राहत, हे मला माहीत होतं.

उस्तादांचा एक नियम होता. गिऱ्हाइकाला कधी नाही म्हणायचं नाही. "नाही म्हणलं का तो समोर जाते," ते म्हणत. समोर म्हणजे रस्त्यापलीकडचं दुसरं गॅरेज. त्यामुळे जो येईल त्याला आमचं एकच उत्तर, "उद्या सकाळी." आमच्या धंद्यात "उद्या सकाळी" ही वेळ नव्हती, तो एक प्रकारचा नमस्कार होता. सांगणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला दोघांनाही ठाऊक असायचं की उद्या सकाळी काही होत नाही. तरी ऐकणारा सकाळी यायचाच, कारण न येऊन करतो काय? कापसाच्या हंगामात तर सहा सहा मालक एकाच सकाळी येऊन आमच्या बाकावर ओळीने बसत, चहा मागवत आणि माझ्याकडे बघत. उस्तादांना त्यांचं बोलणं ऐकू येत नसे. ते शांतपणे आपला वॉल्व्ह घासत. ऐकणारा मी. थापा मारणाराही मीच.

सकाळी उठल्या उठल्या मी मनात बाकावरची माणसं मोजायचो. राळेगावच्या गाडीवाल्याला काय सांगितलं होतं? गॅस्केट यायची आहे म्हणून सांगितलं होतं, की माणूस आजारी आहे म्हणून? खरं बोलणाऱ्याला काही लक्षात ठेवावं लागत नाही. मला मात्र सगळं पाठ करून गॅरेजला जावं लागे.

अशाच एका सकाळी जिनिंगवाल्या सेठचा ट्रक आला. गाडी चांगली होती, नुसती एकदा बघून घ्यायची होती. मी पेचकस लावला, डोळे मिटले, आणि मला शिट्टी ऐकू आली. अगदी बारीक आणि सरळ, कुठेही न तुटणारी. मी डोळे उघडून गंभीर चेहरा केला. "डायनाम्याचं बेअरिंग," मी म्हणालो. सेठचा ड्रायव्हर हळहळला. मी डायनामा काढला. बेअरिंग नव्यासारखं होतं. तरी बदललं, गाडी चालू केली, पेचकस लावला. शिट्टी होतीच. मग वॉटर पंप काढला. पंखा काढला, पट्टा काढला. शेवटी इरेला पेटून मी हेड उतरवलं. दुपारपर्यंत सेठचं निम्मं इंजिन ताडपत्रीवर मांडलेलं होतं आणि मी त्याच्या मधोमध घामाघूम होऊन बसलो होतो.

तेवढ्यात जोहरची, म्हणजे दुपारच्या नमाजाची, अजान झाली. हातोड्या थांबल्या, उस्ताद नमाजाला गेले, रस्ता रिकामा झाला. इंजिन तर तुकड्यांनी पडलेलं. आणि शिट्टी वाजतच होती.

मी एक बोट कानात घातलं. शिट्टी मोठी झाली. दुसऱ्या कानातही बोट घातलं. आणखी मोठी. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तसं माझ्या कानातली शिट्टी मी सकाळपासून सेठच्या इंजिनात शोधत होतो! आधी मला हसू आलं. मग मी दोन्ही बोटं काढून पेचकसाकडे बघितलं. कानाने कमावणाऱ्या माणसाचा कानच खोटं बोलायला लागला, तर त्याने काय करायचं? आणि उस्तादांनी काय करायचं? त्यांचा एक जोड कान आधीच गेला होता. आता दुसरा, म्हणजे मी.

मी मुकाट्याने सगळं परत बसवलं. संध्याकाळी सेठ आले तेव्हा सांगितलं, "बेअरिंग होतं थोडं. झालं बरोबर." ड्रायव्हरने गाडी एक चक्कर फिरवून आणली आणि खुशीत म्हणाला, "आवाज गेला ना, सेठ! एकदम गेला!" मला त्याच्या तोंडात बोळा कोंबावासा वाटला.

घरी सांगितल्याशिवाय राहवलं नाही. आम्ही घरी तसे उर्दूच्या वळणाची हिंदी बोलणारे. पण बायको राळेगावकडच्या खेड्यातली, माहेरी शेती, त्यामुळे राग आला की ती थेट वऱ्हाडीवर यायची, आणि राग तिला बहुधा आलेलाच असे. तिने लसूण घालून तेल कोमट केलं आणि माझ्या कानात ओतलं. दोन दिवस मला ना शिट्टी नीट ऐकू आली ना इंजिन, अंगाला मात्र फोडणीचा वास येत राहिला. शेजारणीने कोणीतरी शिव्याशाप देतंय असं निदान केलं. बायको म्हणाली, "बाकावर सहा जन बसते रोज. एकटा कोन देईन? सगळेच देत असन."

महिनाभर मी कोणाला कळू न देता काम केलं. पेचकस लावायचो, शिट्टीच्या पलीकडचं ऐकायचा प्रयत्न करायचो आणि अंदाजाने ठोकून द्यायचो. अंदाज खरा निघाला की देवाचे आभार, खोटा निघाला की "जुनी गाडी आहे" म्हणायचं. जीव मात्र थाऱ्यावर नव्हता. उस्ताद "हा माहा कान हाय" म्हणाले, की आता मला पळून जावंसं वाटे. शेवटी बायकोनेच निर्णय घेतला. एका सोमवारी आम्ही दोघं प्रवासी मोटारीत बसून यवतमाळला कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. गॅरेजमध्ये मी सांगितलं, मेहुण्याची तब्येत बरी नाही. मेहुणा बिचारा तेव्हा शेतात धडधाकट नांगरत होता.

डॉक्टर हसऱ्या चेहऱ्याचे होते. कपाळावरच्या आरशाने त्यांनी दोन्ही कानांत बघितलं आणि पहिलं वाक्य उच्चारलं, "तेल कोणी घातलं?" बायको छताकडे बघायला लागली. मग त्यांनी एक दुबेळकं पोलादी हत्यार गुडघ्यावर आपटून माझ्या कपाळाच्या मधोमध टेकवलं. काय सुरेख नाद होता! मला ते हत्यार गॅरेजसाठी पाहिजे होतं. कुठे मिळतं म्हणून विचारलंसुद्धा. त्यांनी ते खिशात टाकलं.

"लोखंडाच्या आवाजाने थोडी झीज झालीय," ते म्हणाले. "पण कान चांगले आहेत. शिट्टी कधी जास्त वाजते?"

"नेहमीच वाजते," मी म्हणालो.

"खोटं," बायको म्हणाली. "शुक्रवारी गॅरेज बंद असते. शुक्रवारी दिवसभर हे एकदाही कानात बोट घालत नाहीत. मी पायते ना. माह्या माहेरी दोन दिवस गेलतो, तठी बी नाही."

डॉक्टर खुर्ची पुढे ओढून बसले. "काही काळजी असते का तुम्हाला? कामाची?"

"छे," मी म्हणालो. मला काळजी असते हे परक्या माणसासमोर कबूल करायला मी काय कारकून होतो?

"डॉक्टरसाहेब," बायको म्हणाली, "हे सहा जनायले एकच सकाळ देते."

डॉक्टरांना कळायला थोडा वेळ लागला, आणि कळल्यावर ते इतके हसले की बाहेर बसलेली माणसं दारातून डोकवायला लागली. माझे कान तापले. मग हसणं आवरून त्यांनी मला सरळ समजावलं. म्हणाले, बारीक आवाज तुमच्या कानात राहीलच कदाचित, त्याला माझ्याकडे औषध नाही. पण मन ताणलेलं असलं की तोच आवाज मोठा वाटतो. मोठा वाटला की तुम्ही घाबरता, घाबरलात की तो आणखी मोठा. त्या फेऱ्यातून निघायचं तर कानात काही घालू नका. ठोकाठोकी चालू असेल तेव्हा कानात कापूस घाला, झोप पुरी घ्या, आणि त्या सहाजणांचं काहीतरी बघा.

परतताना मोटारीत मी चिडून बसलो होतो. पंधरा वर्षं धंदा करतोय, आणि आजार कोणता निघाला, तर थापांचा! करंजीला गाडी थांबली तेव्हा बायकोने चहा माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "नाही म्हनाले काय लागते? दोन अक्षरं तं हायेत." मी म्हणालो, तुला धंद्यातलं काय कळतं. ती म्हणाली, "मले तुमचं तोंड कळते."

पण नाही म्हणणं सोपं नव्हतं. ते उस्तादांच्या नियमावर पाय देणं होतं. आणि नियम का मोडला हे सांगायचं, तर कानाचं सांगावं लागणार. मी आठ-दहा दिवस तसेच काढले.

मग मारेगावकडचा एक गाडीवाला आला. त्याच्या ट्रकमधून पुतण्याची वरात जायची होती. क्लचप्लेट पार जळाली होती. माझ्या डोक्यावर आधीच तीन गाड्या होत्या, आणि त्या तिघांचे मालक बाकावर बसले होते. त्यांतले एक जिनिंगवाले सेठ. गाडीवाल्याने हात जोडले. "मिस्त्री, उद्या सकाळी भेटन ना? वरात हाय बाप्पा."

माझ्या तोंडात "उद्या सकाळी" तयारच होतं. पण नवरदेव माझ्या डोळ्यांसमोर आला, फेटा बांधून जागची न हलणाऱ्या गाडीत बसलेला. कानातली शिट्टी अशी चढली की समोरच्याचे नुसते ओठ हलताना दिसायला लागले. आणि मी म्हणालो, "नाही. उद्या होत नाही. परवा सांजेले."

गाडीवाला माझ्याकडे बघत राहिला. वणीत मिस्त्रीच्या तोंडून असलं काही त्याने ऐकलं नव्हतं. मग रागाने दोन माणसं बोलावून त्याने ट्रक ढकलत समोरच्या गॅरेजात नेला. तो रस्ता ओलांडत होता तेव्हा उस्तादांनी मान वर केली.

"काहून गेला तो? काय म्हनला तू?"

मी त्यांच्या डाव्या कानाशी गेलो. "नाही म्हनलो!"

"काय?"

"नाही म्हनलो त्याले!"

"काहून?"

आता माघार घ्यायची सोय नव्हती. मी हळू सांगायचा प्रयत्न केला. बहिऱ्या माणसाला गुपित सांगायचं म्हणजे काय, हे ज्याने केलंय त्यालाच कळेल. "माहा कान वाजते," मी म्हणालो.

"काय वाजते?"

"कान!"

"हॉर्न वाजते?"

"कान! माहा कान! महिना होऊन गेला, शिट्टी वाजून राह्यली! मले नीट ऐकू येत नाही! काळजीनं वाजते म्हनते डॉक्टर!"

चांद्याच्या रस्त्यावर एक बैलबंडी चालली होती, ती थांबली. समोरच्या गॅरेजातले बाहेर आले. बाकावर तिघं चहाचे कप हातात धरून बसले होते. पहिले बोलले ते सेठ. "म्हणजे माह्या गाडीत काही नव्हतं?"

"काही नव्हतं, सेठ," मी म्हणालो. आता लपवायला उरलं काय होतं?

सेठनी गाडीजवळ उभ्या असलेल्या आपल्या ड्रायव्हरकडे बघितलं. "मंग तुले कोनता आवाज गेल्यावानी वाटला बे?" ड्रायव्हर गाडीखाली काहीतरी शोधायला लागला आणि बाकावर असा हशा पिकला की मीसुद्धा त्यात ओढला गेलो. हसता हसता माझे डोळे भरून आले, ते का, हे मला तेव्हा कळलं नाही. इतके दिवस जे झाकत होतो ते भर रस्त्यात सांडलं होतं, आणि आभाळ कोसळलं नव्हतं.

उस्ताद मात्र हसत नव्हते. त्यांनी हातातला वॉल्व्ह फडक्यावर ठेवला, मला जवळ बसवलं आणि विचारलं, "कशी वाजते? रातकिड्यावानी?"

मी मान हलवली.

"न थांबता?"

मी पुन्हा मान हलवली.

"मले वीस वर्सं झाले," उस्ताद म्हणाले. "मले वाटे, सगळं बंद झाल्यावर सगळ्यायले असंच ऐकू येते. मी त्याले शांतता समजत होतो."

ते आपल्या तेलकट हाताने माझा हात धरून बसले. तेवढ्यात एक नवा गाडीवाला आला, सलाम करून माझ्यापुढे उभा राहिला आणि उद्या सकाळचं विचारू लागला. त्याचं बोलणं काही उस्तादांना ऐकू आलं नाही, पण वीस वर्षं तेच विचारलेलं बघून ओठांची ती हालचाल त्यांना पाठ होती. माझा हात न सोडता, बहिरी माणसं बोलतात तशा मोठ्याने ते गरजले, "होत नाही! परवा ये!" आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी गिऱ्हाइकाला नाही म्हटलं होतं, आणि तेही मला म्हणावं लागू नये म्हणून.

त्या दिवसापासून नाही म्हणायचं काम उस्तादांनी स्वतःकडे घेतलं, आणि त्या कामाला त्यांच्याइतका लायक माणूस जिल्ह्यात नव्हता. त्यांच्याशी हुज्जत घालणार कशी? गिऱ्हाईक गयावया करे, अडचणी सांगे, शपथा घाले, उस्ताद प्रसन्न चेहऱ्याने ऐकल्यासारखं करत आणि शेवटी म्हणत, "परवा." काही गिऱ्हाइकं समोर गेली. मारेगाववाल्याला समोरच्यांनी "उद्या सकाळी" सांगितलं होतं. वरात तीन बंड्यांतून गेली. पुढच्या खेपेला तो मुकाट्याने आमच्या बाकावर येऊन बसला. "तुमचा परवा तरी परवाच येते," तो म्हणाला.

माझी शिट्टी गेली नाही. डॉक्टर म्हणाले होते तशी ती राहिली, आता हे लिहितानाही आहे. पण ती बारीक झाली, आणि तिच्या पलीकडचं इंजिन मला पुन्हा ऐकू यायला लागलं. बरेच दिवस तर मी तिला विसरून जायचो. बायको म्हणायची, औषध तिने सांगितलं आणि पैसे डॉक्टरने घेतले.

दुपारी ठोकाठोकी थांबली आणि आम्ही डबे घेऊन बसलो, की उस्ताद रोज विचारत, "आज कसं हाय?" मी अंगठा आणि बोट जवळ आणून दाखवायचो, एवढंसं. ते समाधानाने मान हलवत आणि आम्ही जेवायला लागायचो. असे कितीतरी दिवस गेले. एका दुपारी त्यांनी विचारलं, मी बोटं दाखवली, भाकर मोडली, आणि बघतो तर ते डबा न उघडता तसेच माझ्याकडे बघत बसलेले. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. वीस वर्षं ज्या माणसाच्या कानात हे वाजत होतं, त्याला हा प्रश्न कोणी विचारलाच नव्हता. बायकापोरांनी नाही, गाडीवाल्यांनी नाही. त्यांचा कान म्हणून मिरवणाऱ्या मीसुद्धा नाही.

मी भाकर खाली ठेवली, तोंड त्यांच्या डाव्या कानाशी नेलं आणि ओरडलो, "आन् तुमचं?"

उस्तादांनी डोळे मिटले. मी पेचकस लावून ऐकायचो तसे ते बराच वेळ आतलं ऐकत राहिले. मग त्यांनी दोन्ही हात पसरले, जितके पसरतील तितके, केवढं ते दाखवायला, आणि तसेच हात पसरून हसत राहिले. त्या दुपारी आम्ही फार उशिरा जेवलो.